मऊ घास

"दोघांच्याबी पोटात जंतू त्योच न्हवं? मग कॅन्सर माझ्या थोरल्यालाच का?" लेकाच्या खाटेशी बसलेल्या शेवंताबाईनं तोंडातली भाकरी चावता चावता डॉक्टरीणबाईंना विचारलं. मांडीवरचा नातू घासाची वाट बघत होता.

"जंतू तोच, आजी, पण त्याच्या जाती वेगळ्या. धाकट्याच्या पोटातला मवाळ, सर्जेरावांच्या पोटातला जहाल. बहुधा लहानपणीच तो घरातल्या कुणाच्या तरी तोंडातून आलेला असतो."

धाकटा झाला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. त्याला मावशीनं वाढवलं. थोरल्याला मात्र तिनं प्रत्येक घास स्वतः चावून, मऊ करून, मोठ्या कौतुकानं भरवला होता.

नातवानं सवयीनं आ केला. शेवंताबाईनं ओठ घट्ट मिटले. तोंडातला घास तिला भरवता येईना, गिळताही येईना.