नानाजींचा हात

आखराच्या, म्हणजे गावाच्या कडेला गुरं जमायच्या मैदानाच्या, तोंडाशी लोखंडी साखळी लागली होती, आणि साखळीच्या अलीकडे नानाजी सजवलेली बैलजोडी धरून उभे होते. पलीकडे, जिथं मागच्या पोळ्यापर्यंत माती होती, तिथं लाल-पिवळे सिमेंटचे गट्टू बसले होते. इतके गुळगुळीत, की उद्घाटनाच्या आधीच त्यांच्यावरून एक माशी घसरून पडली म्हणे.

"साखळी काढ बे," नानाजी चौकीदाराला म्हणाले.

"नाई काढता येत, नानाजी. बैलायले आत मनाई हाये. गट्टू फुटते. नगरपंचायतीचा ठराव हाये तसा."

"बैलायले मनाई? मंग पोळा कोनाचा हाये, कोंबड्यायचा?"

"लेकरायचा. उद्याचा तान्हा पोळा आजच घेऊन टाकला. लाकडाचे बैल चालते. त्यायले चाकं असते, अन् ते शेन टाकत नाई."

मागं चाळीस जोड्या रस्त्यावर खोळंबल्या होत्या. पार बसस्टँडपर्यंत शिंगांचे गोंडे हलत होते. तांड्यावरचा बाबुलाल आपल्या बैलाची झूल सारखी करत हसला.

"तुमचंच राज्य हाये ना, नानाजी? चाळीस वर्सं तुमी झेंडा धरला. तुमीच म्हनत होते, आपली सत्ता येऊ द्या, मंग पाहा रीतरिवाज कसे वाचते."

पक्षाचं डिपॉझिट जप्त व्हायचं त्या काळापासून नानाजी पारावर बसून एकच सांगत आले होते : गाव जे आपल्या हातानं चालवते, त्यात सरकारनं बोट घालू नये. आखरावर पोळा कधीपासून भरतो ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तो भरवायला कधी कोणाची परवानगी लागली नव्हती. ते हे आजही मानत होते. म्हणून तर सत्ता आल्यावर पक्षानं त्यांना नगरपंचायतीत तिकीट देऊन निवडून आणलं.

तेवढ्यात नगराध्यक्ष रजतभाऊ साखळीजवळ आले. हे मागच्या वर्षापर्यंत समोरच्या पक्षात होते. गाडी तीच होती, ड्रायव्हर तोच होता, काचेवरचा झेंडा तेवढा बदलला होता.

"रागावू नका, नानाजी. विषय क्रमांक सात. सर्वानुमते मंजूर हाये." त्यांनी मोबाईल पुढं धरला. सभेचा फोटो होता. सगळे हात वर, आणि सगळ्यांत उंच हात नानाजींचा.

नानाजींना सभा आठवली. सहाव्या विषयाला चहा आला. सातव्याला गटनेत्याचा हात वर गेला आणि त्यांच्या डाव्या हातात कप होता म्हणून उजवा गेला. पक्षात ते एवढंच शिकले होते : नेत्याचा हात वर, की आपला वर. विचारायचं ते मागून. मागून विचारायचं राहून गेलं.

आता तो हात काही साधासुधा नव्हता. तीस वर्षं पोळ्याच्या तोरणाखाली नानाजीच झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणेवजा गाणी, म्हणायचे. दोन-चार ओळींत सावकारापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांची सालं काढायचे आणि शेवटी उजवा हात उचलायचे. हात उचलला, की सारं गाव एका गळ्यानं "हर हर महादेव!" म्हणायचं आणि पोळा फुटायचा : तोरण तुटायचं, जोड्या घराकडं सुटायच्या. एका वर्षी कानाशी आलेली गांधीलमाशी हाकलायला त्यांनी हात उचलला, तर पोळा झडतीआधीच फुटला, आणि एक गोऱ्हा उधळला तो म्हणे मारेगावच्या बाजारात सापडला.

"या, मंचावर या," रजतभाऊ म्हणाले. "एक झडती होऊन जाऊ द्या. शाल बी आनली तुमच्यासाठी."

बाबुलालनं नानाजींच्या हातातून कासरा घेतला. "जा. मी धरतो तुमची जोडी. पर आज सांगजा त्यायले."

"सांगतो."

"झडती नोका म्हनू. सरळ सांगजा."

"सांगतो म्हनलं ना, बाप्पा."

नानाजी साखळी ओलांडून गट्टूंवर आले. पायातली चप्पल दोनदा घसरली. तोरण दिव्याच्या दोन खांबांना बांधलं होतं, आणि त्याच्याखाली चाकांचे बैल ओळीनं उभे होते. त्यांनी ओठावर दोन वाक्यं तयार ठेवली होती : माहा हात चुकला. साखळी काढा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या पक्षाविरुद्ध बोलणार होते.

मंचावर कोणी तरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. समोर माईक आला. पण लाऊडस्पीकरवर नगरपंचायतीच्या योजनांचं गाणं जोरात सुरू होतं. नानाजी बोलले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. ते पुन्हा बोलले. मग गाणं थांबवा, एवढं सांगायला त्यांनी हात वर केला.

"हर हर महादेव!"

आखर दणाणलं. तोरण तुटलं. लाकडाचे बैल खडखडत निघाले, लेकरं त्यांच्यापुढं दोऱ्या धरून पळाली, रजतभाऊंनी टाळ्या वाजवल्या. पोळा फुटला होता. रस्त्यावर चाळीस जोड्यांची तोंडं एकेक करून घराकडं वळायला लागली. साखळीपलीकडं दोन्ही जोड्या धरून उभा असलेला बाबुलालही ओरडला होता. तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं मान खाली घातली.

नानाजींचा हात तसाच वर राहिला होता.

"थांबा, नानाजी, खाली घेऊ नोका," फोटोवाला पुढं येत म्हणाला. "थोडासा अजून वर."