पाणी न चालणारी गाडी

चतुराबाईंनी घागर तिरकी केली आणि भारतनं धावत येऊन ट्रकच्या रेडिएटरच्या उघड्या तोंडावर फडकं दाबून धरलं.

"नको आजी! तुमचं पाणी नको!"

घागर तिथंच थांबली. थोडं पाणी उसळून बंपरवर सांडलं. चतुराबाईंनी आधी भारतच्या तोंडाकडं पाहिलं, मग फडक्यावर दाबलेल्या त्याच्या हाताकडं पाहिलं.

घनसावंगीच्या रस्त्यावर चढ संपतो तिथं चतुराबाईंचं शेत आहे. चढानं तापलेल्या गाड्या नेमक्या तिथंच येऊन वाफा सोडतात आणि ड्रायव्हर डबडी घेऊन विहिरीकडं पळतात. म्हातारीला याची इतकी सवय की ट्रकची समोरची जाळी उघडलेली दिसली, की ती कुणी न सांगता घागर भरून निघते. उसाच्या, कापसाच्या, लोखंडी सळयांच्या, सगळ्या गाड्या तिच्या विहिरीचं पाणी पिऊन पुढं गेल्या. पंच्याहत्तरीची बाई, भर दुपारची वेळ, कमरेवर भरली घागर. आजवर एकाही गाडीनं तिला नको म्हटलं नव्हतं. म्हटलं ते गावातल्याच भारतच्या गाडीनं.

तसं भारतचंही चुकलं नव्हतं. महिन्यापूर्वी जालन्याच्या भुजंग मिस्त्रीनं त्याच्या इंजिनातलं सगळं पाणी काढून बिनपाण्याचं कूलंट भरलं होतं. ते लवकर उकळत नाही, वाफ धरत नाही, इंजिन आतून गंजू देत नाही. अट एकच, त्यात पाणी मिसळायचं नाही. मिसळलं की केलेलं सगळं पाण्यात. मिस्त्रीनं त्याला जवळजवळ शपथच घातली होती. आज पाइपची क्लिप ढिली होऊन थोडं कूलंट गळलं होतं. भारतनं क्लिप आवळली, झाकण काढलं आणि कूलंटचा डबा आणायला तो केबिनकडं वळला, तेवढ्यात ही घागर आली.

"आजी, याच्यात पाणी चालतच न्हाई," तो म्हणाला. "दुसरं औषध भरलंय. पाणी गेलं की सगळं खराब."

"इंजनाला पाणी चालत न्हाई?"

"बिलकुल न्हाई. नवीनच निघालंय. तुम्हाला खोटं सांगून राह्यलो का मी?"

आता हे कुणाला पटावं? पाण्याविना चालणारा ट्रक म्हणजे चाऱ्याविना दूध देणारी म्हैस. चतुराबाई हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. त्यांनी घागर खाली ठेवली.

"सांग बाबा, सांग. कारण तर लागतंच. आम्ही बी सांगायचो."

भारतला काही उमगेना.

"तुझा आजा साहेबराव आमच्याकडं सालगडी व्हता. मी नवी सून. त्याला पाणी मीच द्यायची. वरून, वंजळीत. एक डाव कडबा तोडताना त्याचा हात कापला. चिंधी बांधल्याली, वंजळ धरता येईना. म्हणला, बाई, आज तेवढा तांब्या हातात द्या. मी म्हणलं, तांब्या देवाचा हाय. देवाचा कशाचा? चुलीम्होरं लोळत असायचा. मंग तो तसाच गेला रानात, तहानल्याला."

भारतला ही गोष्ट ठाऊक नव्हती. आजोबा सांगायचे ते बैलांचं, औताचं, पावसाचं. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. त्याला आजोबांचं फार वाईट वाटलं. रागही आला. पण समोर उन्हात उभ्या असलेल्या या म्हातारीवर तो काढता येईना.

"आज तू माझं पाणी न्हाई म्हणला. बराबर हाय तुझं," चतुराबाई म्हणाल्या आणि घागर उचलायला वाकल्या.

"थांबा आजी. जरा बघा तरी."

त्यानं केबिनमधून डबा आणला. तेलासारखं दाटसर, पिवळं कूलंट रेडिएटरमध्ये ओतलं, झाकण लावलं, इंजिन चालू केलं. वाफ नाही, फसफस नाही. ट्रक शांतपणे घुरघुरत उभा राहिला. चतुराबाई डोळे बारीक करून बघत होत्या. पोरगा खोटं बोलला नव्हता. तरी त्यांच्या तोंडावरची उदासी गेली नाही. पोरगा खरा निघाला म्हणून साहेबरावची तहान थोडीच भागणार होती!

भारतला ते दिसलं. त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"आजी, गाडीला नको. मला द्या. सकाळधरनं पाणी न्हाई पिलो."

चतुराबाईंनी घागरीसोबत आणलेला तांब्या उचलला. पितळेचा, राखेनं घासलेला, लख्ख. त्यांनी तो विसळला आणि काठोकाठ भरला. तो घ्यायला भारतनं हात पुढं केले आणि त्याचं लक्ष आपल्या हातांकडं गेलं. मनगटापर्यंत ग्रीस माखलं होतं.

"हात काळे हायेत माझे," तो म्हणाला. "तांब्या खराब व्हईल. वरूनच वता, आजी."

त्यानं वाकून ओंजळ धरली. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो तसाच वाकून राहिला. पाणी पडलं नाही.

चतुराबाईंनी त्याची ओंजळ सोडवली. त्याचे दोन्ही तळवे तांब्याभोवती नीट लावले आणि वरून आपले हात घट्ट धरले.

"व्हऊ दे काळा."