निळी पट्टी

दिवे लागले, तरी टाळ्या वाजेनात. 'सर्वांसाठी डिझाइन' हा माहितीपट संपतासंपताच टोपल्या विणणाऱ्या हौसाबाईंनी पहिल्या रांगेतून प्रश्न विचारला होता, आणि तो सभागृहात अजून तसाच लोंबकळत होता: "माझ्या टोपलीची निळी पट्टी कुठं गेली?"

दिग्दर्शक अन्वय हसला. त्याच्या हसण्यालाही प्रकाशयोजना होती. "मावशी, ते प्लॅस्टिक फार खटकत होतं हो. चित्रीकरणाआधी आम्हीच कापून काढलं. बांबूचं आदिम सौंदर्य झाकलं जात होतं." मागच्या रांगांनी माना डोलावल्या, आदिमतेचा इतका वातानुकूलित प्रत्यय त्यांना क्वचितच येत असे.

"सौंदर्य असेल. पण काठ कापतो ना! मासळीची भरली टोपली उचलताना कोळणींच्या बोटांतून रक्त यायचं. खोक्याला बांधतात ती पट्टी काठावर कशी गुंडाळली तर टिकेल, हे सुचायला मला चार वर्षं लागली. टोपली काय, माझी आजेसासूही अशीच विणायची."

"तीच तर परंपरा!" अन्वय उजळला. "ती आता आपल्या माहितीपटामुळे घराघरांत पोचेल."

"पोचू दे की. पण त्यात पट्टी तेवढी माझी होती, साहेब. मग पाऊण तास पडद्यावर तुम्ही माझं काय दाखवलंत?"

अन्वयने क्षणभर मंचावर मांडलेल्या टोपलीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. आणि अत्यंत संवेदनशील पावलं टाकत तो चहाच्या दिशेने निघून गेला.