बिसोची बाटली

एवोदीने बाटली पुढे केली, तसे बिसोने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"घे रे माझ्या राजा. नको इतका छळ मांडूस म्हातारीचा."

बिसो ऐकेना. शिकाऱ्यांनी आई मारलेलं हे चिंपांझीचं पिल्लू. ज्या बाईने त्याला इथे, अनाथ चिंपांझींच्या या आश्रमात, छातीशी धरून जगवलं, ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि त्याने दूधच सोडलं. डॉक्टर अशिलनी स्पष्ट सांगितलं होतं, रविवारपर्यंत प्यायला नाही तर पोटात नळी घालावी लागेल, आणि एवढ्या अशक्त पिल्लाला ती सोसेल असं त्यांना वाटत नव्हतं. निदान आपल्या जातीचं तोंड तरी दिसावं म्हणून त्यांनी त्याला म्हाताऱ्या मारिगो चिंपांझीच्या शेजारच्या खोलीत हलवलं होतं. मध्ये फक्त गज होते.

एवोदीने पुन्हा एक थेंब आपल्या मनगटावर टाकला, चाटून पाहिला. दूध कोमट होतं. तापमापक भिंतीवर लटकत असला तरी तिची ही सवय जात नव्हती. मारिगोलाही तिने अशीच वाढवली होती. तीच मारिगो आता पलीकडून हात घालून एवोदीच्या केसांत उवा शोधत होती.

"माझा चष्मा आधी परत दे, मग लाड कर," एवोदी म्हणाली. मारिगो अट्टल चोर होती. चष्मा, साबण, डॉक्टरांची टोपी, काही म्हणून सुटलं नव्हतं.

बाकीच्यांची लापशी चुलीवर होती. एवोदीने बाटली सुरगाठ मारून गजाला बांधली. मनात आलं तर पिईल आपणहून. मग ती निघून गेली.

संध्याकाळी ती परतली तर बाटली पेंढ्यात पडलेली होती, रिकामी.

मधली पाळी सिदोनीची, पिल्लं सांभाळणाऱ्या दुसऱ्या बाईची. म्हणजे पोरगं सिदोनीच्या हातून प्यायलं. एवोदीला आधी बरं वाटलं आणि लगेच थोडं झोंबलं. एवढं करून बयेला बाटली उचलून ठेवता येत नाही, हेही मनात आलंच.

सिदोनीला विचारायची सोय नव्हती. चर्चच्या उत्सवाला सगळ्या बायकांनी एकसारखं कापड नेसायचं असतं. यंदा ते सिदोनीने निवडलं होतं, पिवळ्यावर निळे खेकडे. एवोदी गेल्या वर्षीचं कापड नेसून आली आणि चारचौघींत म्हणाली, "अंगावर खेकडे घेऊन मी देवापुढे उभी राहणार नाही." त्या दिवसापासून दोघींत अबोला होता. खेकड्यांचं कापड घडी न मोडता एवोदीच्या पेटीत पडलं होतं.

पुढचे दिवस असेच गेले. एवोदी पाजायला बसली की बिसो तोंड फिरवायचा. ती बाटली बांधून जायची आणि परतल्यावर ती रिकामी दिसायची. पिल्लाच्या डोळ्यांत तेज आलं. ते गजांना पाठ लावून स्वस्थ झोपू लागलं.

शनिवारी डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि हसले. "नळीची गरज नाही. तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाताला गुण आहे बरं का."

एवोदी छताकडे बघत राहिली. सिदोनी पायाकडे.

त्या रात्री एवोदीने पेटी उघडली. पोर जगलं होतं, तिथे खेकड्यांचं काय मोठंसं? ती कितीतरी वेळ ते कापड मांडीवर घेऊन बसली. सिदोनीबद्दल इतकं भरून येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी चर्चमधून ती तडक कामावर आली. सिदोनी सकाळची बाटली ठेवून स्वयंपाकघरात येऊन बसली होती. दारात उभे राहिलेले खेकडे पाहून तिच्या हातातली सुरी थांबली.

"मावशी, हे काय नेसलीस?"

"दिसत नाही? खेकडे आहेत."

सिदोनी उठली. फळीवरून पानात गुंडाळून उकडलेल्या कसाव्याच्या कंदाच्या कांड्या आणि तळलेल्या माशांचं भांडं काढून तिने एवोदीपुढे ठेवलं. "तुझ्यासाठीच आणलंय. माझी आई म्हणायची, उपकार मानायला लाजू नये. पण माझी जीभ रेटत नव्हती."

"उपकार? माझे कसले?"

"पोराला जगवलंस ना तू. माझ्या हातून तर थेंबसुद्धा घेत नाही मेलं. बाटली बांधून येते मी, आणि तू येऊन पाजतेस. रिकामी तिथेच टाकतेस, पण तेवढं चालतं."

एवोदीने भांडं बाजूला सारलं. "सिदोने, मी त्याला कधी पाजलं? मला वाटलं तूच पाजतेस. म्हणून तर हे खेकडे नेसले."

 चुलीवर काहीतरी उतू गेलं, कुणी तिकडे वळलं नाही.

"मग दूध जातं कुठे?" सिदोनीने विचारलं.

उत्तर दोघींना एकदमच सुचलं. शेजारी अट्टल चोर बसलेली.  काटा चुकला असेल तर? पोरगं इतके दिवस उपाशीच असेल तर? कापड सावरत ती धावत सुटली, मागोमाग सिदोनी.

दाराच्या फटीतून दोघींनी आत पाहिलं. मारिगोने गजातून हात घातलेला होता आणि ती सुरगाठ सोडवत होती. गाठ सुटली. तिने बाटली धरली.

"बघ चोरटी," सिदोनी कुजबुजली आणि दार ढकलायला निघाली. एवोदीने तिचं मनगट धरलं.

बिसो गजाला चिकटून तोंड उघडून वाट बघत होता. मारिगोने बाटली उलटी केली, एक थेंब आपल्या केसाळ मनगटावर टाकला आणि चाटून पाहिला.