नायिकेचा आवाज

मालिकेतल्या नायिकेला सात वर्षं एकाच डबिंगवाल्या ताईंचा आवाज होता. तिचं लाजणं, भांडणं, हुंदके, सगळं ताई एका दमात देऊन मोकळ्या व्हायच्या.

त्या दुपारी नवऱ्याच्या मारहाणीचा प्रसंग होता. पडद्यावर नायिका तोंड उघडून कोसळत होती, केसांची बटही न विस्कटता. माईकसमोर ताईंच्या तोंडून मात्र नुसता अडकलेला श्वास आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

काचेपलीकडून दिग्दर्शक वैतागला. "अहो ताई, घसा बसलाय का? जोरात किंचाळा की! बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. नवरा एवढा बडवतोय आणि बाई तोंडातून ब्र काढत नाही, हे कोणाला तरी खरं वाटेल का?"

ताईंनी हेडफोन काढून हातात धरला.

मग हळूच म्हणाल्या, "घरी आतल्या खोलीत माझी लेक पाढे म्हणत बसलेली असते, सर. मी आवाज केला, की तिचे चुकतात."