इनक्युबेटरची पूजा

धाकट्या दिराचं, भरद्वाजचं, लग्न झालं त्या वर्षीचा दसरा. लग्नाला कनकलता अक्षता टाकण्यापुरती गेली आणि जेवणाआधीच तंजावूरच्या कॉलेजातल्या आपल्या प्रयोगशाळेत परतली. हत्तीरोगाच्या जंतांवर औषध शोधणाऱ्याला लग्नकार्य परवडत नाही, असं सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, ते खरंच होतं.

दसऱ्याच्या सकाळी तिनं पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जनावरांच्या पोटातून आणलेले, त्याच कुळातले धाग्यासारखे जंत निपचित पडले होते. दुसरी बशी. तिसरी. चौथी. कुठं वळवळ नाही. वर्षभर औषधी पाला आटवून जी चिमूटभर पूड हाती आली, ती सगळी या चार बशांत गेली होती.

मग पाचवी बशी. हिच्यात औषध घातलंच नव्हतं. हिच्यातले जंत जगायला हवे होते, तरच बाकीचे औषधानं मेले असं म्हणता आलं असतं.

तेही मेलेले.

जंत जगावेत म्हणून बशा रात्रभर अंगाइतक्या उबेत ठेवायच्या, त्या इनक्युबेटरकडे तेव्हा कुठं तिनं नीट पाहिलं. दाराला चंदन, कुंकू, मुठीला झेंडू. आतला दिवा विझलेला. हात लावला, तर गार.

"मामा, हा बंद कुणी केला?"

म्हातारा शिपाई सांबशिव सुंडलचा, प्रसादाच्या उसळीचा, द्रोण घेऊन आला. "मीच की. काल आयुधपूजा जाहली. पूजेतलं यंत्र चालवतात का गे? वर्षातनं एक दिवस त्यालाही विसावा नको?"

"आणि एसी? तो तर रात्रभर चालूच आहे!"

"त्याला कुठं कुंकू लावलं? तो वर आहे, माझा हात पोचत नाही."

कोमट पाण्यावर बशा ठेवून ती तासभर बघत बसली. गारठलेले असतील तर हलतील. कुणी हललं नाही. आता पुन्हा पाला, पुन्हा आटवणं, पुन्हा एक वर्ष.

सांबशिवनं तिच्या खांद्यावरून डोकावलं. "सगळे मेले? मग औषध लागू पडलं की! तोंड असं का केलंस? सुंडल घे."

तिनं द्रोण घेतला, बाजूला सरकवला आणि वही उघडली. निष्कर्षाचा रकाना कोराच ठेवला. त्याच्याखाली लिहिलं: औषधातले सोळा जंत मेले. औषधाविना ठेवलेले चार मेले. सगळे आयुधपूजेच्या रात्री.