वकिलावरचा दावा

सहदेव कारखान्याच्या टाकीवरून पडून वारला, तेव्हा जानकीने नवऱ्याच्या भरपाईचा अर्ज घाटकोपरच्या रेगे वकिलांकडे सोपवला. त्यांनी तो मुदतीत भरलाच नाही. जानकी हट्टाला पेटली आणि तिने वकिलावरच दावा ठोकला. चार वर्षं प्रत्येक तारखेला सासूबाई तिच्यासोबत कोर्टात येऊन बसायच्या.

सत्त्याऐंशी साली रेग्यांनी भर कोर्टात आपली चूक कबूल केली. जानकी हरखली. पण न्यायाधीश म्हणाले, "बाई, अर्ज वेळेत भरला असता तर तुम्ही जिंकला असता, हेही सिद्ध करावं लागेल."

"हरल्याच असत्या, साहेब," रेगे उठून म्हणाले. "तो अपघात नव्हता. सहदेवने जीव दिला. त्याची चिठ्ठी यांनी जाळली, म्हातारीला कळू नये म्हणून. माझ्या ऑफिसात बसून, रडत, यांनीच मला सांगितलं."

दावा बुडाला, हे जानकीला तिथेच कळलं. पण ती मागच्या बाकाकडे बघत होती.

सासूबाई अर्धवट उठून विचारत होत्या, "जानके, तो काय म्हणता गो? माझ्या झिलान काय केल्यान?"